राणी कुठे आहे, हा दुसरा प्रश्न

गुरुजी, तुम्ही विचारलेल्या डावात तुमचं गणित बरोबर आहे आणि चाल चुकली आहे. ब्रिजमध्ये, म्हणजे जोडीदारांच्या या पत्त्यांच्या खेळात, या दोन गोष्टी एकाच डावात अगदी गुण्यागोविंदाने नांदतात, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचा डाव मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी पानं त्याच्या डोळ्यांसमोर राहतील. शाळेला सुटी लागलेली, दारव्ह्याजवळच्या तुमच्या गावी रात्री अंगणात घरगुती रबर, म्हणजे साधं चौघांचं ब्रिज, चाललेलं. तुम्ही दक्षिणेला. तुम्ही एक नो ट्रम्प बोललात, समोरच्या मेडिकलवाल्या भाऊंनी थेट तीन नो ट्रम्प केलं, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात करायचे, बाकी दोघे गप्प.

डमीची, म्हणजे भाऊंची टेबलावर उघडी मांडलेली पानं: इस्पिक ८, ५. बदाम राजा, ८, ४. चौकट एक्का, गुलाम, १०, ६, ३. किलवर एक्का, ७, २.

तुमची पानं: इस्पिक एक्का, ७, ४. बदाम एक्का, राणी, ६. चौकट राजा, ९, ५. किलवर राजा, ६, ४, ३.

डावीकडच्याने इस्पिकच्या छक्कीची उतारी केली. उजवीकडच्याने राणी लावली, तुम्ही चौकी टाकून हात सोडलात. त्याने दश्शी फिरवली, तुम्ही सत्ती टाकलीत, डावीकडून दुर्री आली, हात दश्शीचाच झाला. तिसऱ्यांदा तिर्री आली तेव्हा एक्का घेतलात आणि डमीतून एक किलवर फेकलं. इथवर खेळ सुरेख. मग बदामाच्या राजावर डमीत गेलात, चौकटचा गुलाम काढलात, उजवीकडून छोटं पान आल्यावर तो तसाच जाऊ दिलात. राणी डावीकडे निघाली. तिने हात घेतला, पाठोपाठ इस्पिकचे दोन हात वाजले, आणि डाव एका हाताने पडला. भाऊ म्हणाले, "गुरुजी, त्याले आत काहून येऊ देलं?"

तुमचं म्हणणं असं: डावीकडे इस्पिक पाच होते, उजवीकडे तीन. म्हणजे डावीकडची आठ पानं अज्ञात, उजवीकडची दहा. चौकटची राणी त्या अठरा जागांपैकी कुठेही असू शकते, तेव्हा ती उजवीकडे असण्याची शक्यता अठरात दहा, शेकडा ५६ च्या जवळपास. म्हणून उजवीकडच्यावर फिनेस केला, म्हणजे राणी तिकडे आहे असं धरून गुलाम तसाच जाऊ दिला. यात चूक काय?

मोजणीत काहीच नाही. उलट तुमच्या मोजणीचं कौतुक करतो, कारण तालुक्याच्या गावी इतकं मोजणारा गडी सहसा सापडत नाही. उतारीची छक्की त्या रंगातलं वरून चौथं पान धरलं, तर नेहमीच्या हिशेबाने अकरातून सहा गेले, उरले पाच. म्हणजे छक्कीपेक्षा मोठी पाच पानं बाकी तीन हातांत मिळून आहेत. डमीत अठ्ठी, तुमच्याकडे एक्का आणि सत्ती, राहिली दोन. ती राणी आणि दश्शी, दोन्ही उजवीकडून पडली. पुढे डावीकडून दुर्री आली आणि उजवीकडून तिर्री, तेव्हा छक्कीखालचं पानही उरलं नाही. पाच आणि तीन, पक्कं. तुम्ही हे सगळं बरोबर वाचलंत, आणि वाचून झाल्यावर त्याचा उपयोग राणी शोधायला केलात. तो उपयोग दुसऱ्या कामाला करायचा होता.

डमी उघडली की पहिलं पान टाकण्याआधी हात मोजायचे. इस्पिक एक, बदाम तीन, किलवर दोन, चौकट एक्का-राजाचे दोन. आठ झाले. तुम्हाला फक्त एक हवा. आता चौकटकडे पाहा: एक्का, राजा, गुलाम, दश्शी, नश्शी तुमच्याकडे, बाहेर राणी आणि चार फुटकळ पानं. राणीला हात देऊन टाकला तरी चौकटचे चार हात होतात. म्हणजे बेरीज दहा. राणी सापडली तर अकरा. राणी सापडायची या डावाला गरजच नव्हती. गरज होती ती एवढीच, की राणीने हात घेतला तर तो घेणाऱ्याच्या हातात इस्पिक नसावं.

उजवीकडच्याचे तिन्ही इस्पिक संपले होते, आणि ते तुम्हीच दोनदा हात सोडून संपवले होते. सातातून तुमची आणि डमीची त्या रंगातली पानं वजा करायची, तितक्यांदा हात सोडायचा, हा नो ट्रम्पमधला जुना हिशेब आहे: सात वजा पाच, दोनदा. तुम्ही तो नेमका पाळलात. एक्का पहिल्याच फेरीत किंवा दुसऱ्या फेरीत घेतला असता तर उजवीकडे एखादं तरी इस्पिक उरलं असतं आणि राणी कुठूनही निघाली तरी बोंबच होती. मेहनत करून एक गडी निरुपद्रवी करून ठेवला आणि फिनेस मात्र असा खेळलात की हरलात तर हात जाणार उपद्रवी गड्याकडे.

एक्का तिसऱ्या फेरीत घेतल्यावर हात तुमच्याकडेच होता. चौकटचा राजा काढायचा. डावीकडे राणी एकटी असेल तर तिथेच पडते. नंतर नश्शी काढायची. डावीकडच्याने राणी लावली तर डमीचा एक्का, नाही लावली तर नश्शी तशीच जाऊ द्यायची. राणी डावीकडे असेल तर नश्शीचा हात झाला आणि पुन्हा तोच फिनेस मोकळा. राणी उजवीकडे असेल तर तो घेईल, आणि घेऊन करणार काय? बदाम फिरवला, तुमचा. किलवर फिरवलं, तेही तुमचं. त्याच्याकडे चौथं इस्पिक असतंच, तर मुळात इस्पिक चार-चार वाटलेले असते, तुमचे एकूण चार हात गेले असते आणि नऊ उरले असते. कुठूनही पाहा, डाव होतो. राणी त्याच्याकडे असण्याची शक्यता ५६ असो की ९०.

आणखी एक गोष्ट सांगतो, जरा टोचेल. फिनेस म्हणजे काय हे ठाऊक नसलेला एखादा नवखा गडी चौकटचा एक्का-राजा वाजवून तिसरी फेरी देऊन मोकळा झाला असता, तर त्याचाही डाव तुमच्यापेक्षा जास्त वेळा झाला असता. राणी उजवीकडे असेल तेव्हा त्याचं काहीच बिघडत नाही, शिवाय डावीकडे ती एकटी किंवा दुक्कल असेल तर आपोआप पडते. तुमच्या चालीत ही वरकड मिळकत नाही.

आपल्याकडचे बहुतेक जण ब्रिजला येतात ते मेंढीकोटातून. तिथे दश्श्या पकडण्याची आणि पान आपटण्याची सवय लागते, हात किती झाले याकडे लक्ष राहतं, पण हात कुणाच्या हाताने जातोय याचं फारसं कुणाला सोयरसुतक नसतं. ती सवय मोडायला वेळ लागतो. डमी उघडल्यावर कुणी "टाका ना बाप्पा" म्हणालं तरी टाकू नका. लाईन गेली तर उलट बरं, कंदील येईपर्यंत मोजून होतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे: अनेक वाटा दिसत असतील तर कोणती धरायची? तुम्ही प्रत्येक वाटेची टक्केवारी काढून मोठी ती निवडता. पण पुष्कळदा एकाहून जास्त वाटा एकामागोमाग चालून पाहता येतात, आणि सगळी अक्कल त्यांच्या क्रमात असते. मृगाच्या पहिल्या सरीला घरातलं सगळं बियाणं मातीत घालणारा कास्तकार आणि दुबार पेरणीपुरतं पोत्यात राखणारा कास्तकार, यातला दुसरा व्हायचं.

उदाहरण घ्या. पुन्हा तीन नो ट्रम्प, आठ हात तयार, नववा हवा. बदाम विरोधकांचा, तुमचा एक्का तिसऱ्या फेरीत गेला, डावीकडे दोन बदाम शिल्लक आहेत आणि उजवीकडे एकही नाही. तुमच्या हातात चौकट एक्का, राजा, राणी, ४ आणि किलवर एक्का, राणी. डमीत चौकट ६, ५, २ आणि किलवर दोन फुटकळ. किलवरचा फिनेस हरला तर राजा डावीकडेच असणार, म्हणजे हात नेमका नको त्याच्याकडे जाणार आणि डाव तिथेच संपणार. फिनेस निम्म्या वेळा यशस्वी होतो. चौकटची बाहेरची सहा पानं तीन-तीन वाटली गेली असतील तर तुमची चौकी नववा हात होते, पण तसं वाटप शंभरात साधारण ३६ वेळा. चार-दोन हे जास्त नेहमीचं, शंभरात ४८ वेळा. नुसते आकडे पाहणारा म्हणेल, ५० मोठे की ३६, आणि किलवरला हात घालेल.

पण चौकटचे तीन वरचे हात घेताना काहीच द्यावं लागत नाही. ते आधी घ्यायचे. ३६ वेळा तिथेच काम झालं. उरलेल्या ६४ वेळांत फिनेस आहेच, त्यातला निम्मा म्हणजे ३२. एकूण ६८. क्रम उलटा केला तर ५० वरच अडकलात, कारण फिनेस हरल्यावर चौकट तपासायला तुम्हाला परत हात मिळतच नाही. किंमत एवढीच की चौकट नीट वाटली नसेल आणि फिनेसही हरला, तर बाहेर मोठं झालेलं चौकटचं पानही वाजू शकतं आणि डाव एकाऐवजी दोन हातांनी पडतो. रबरमध्ये ही किंमत मी डोळे झाकून देईन.

इथे एक अट आहे आणि चांगले खेळाडूही तिच्यात सापडतात. चौकट तपासून झाल्यावर किलवर डमीतून निघायला हवं, म्हणजे डमीत जायची वाट शिल्लक हवी. डमीत इस्पिकचा राजा असेल तर तो आधी वापरून टाकायचा नाही. वाटा मोजताना ये-जा मोजली नाही तर ६८ हा आकडा कागदावरच राहतो.

चौकट तपासताना माहितीही फुकट मिळते. समजा डावीकडे चौकट चार निघाले, उजवीकडे दोन. डावीकडचे पाच बदाम आणि चार चौकट, नऊ पानं कळली, चार अज्ञात. उजवीकडचे तीन बदाम, दोन चौकट, आठ अज्ञात. किलवरचा राजा बारा जागांपैकी आठ जागी उजवीकडे, म्हणजे फिनेस आता तीनात दोनदा यशस्वी. तुमचं अठरात दहाचं गणित इथे शोभतं. अवघड निवड जितकी उशिरा करता येईल तितकी उशिरा करायची, कारण प्रत्येक फेरीत दोन्हीकडची पानं थोडी थोडी उघडी पडतात.

पानांखेरीज बोलीही बोलते, आणि न झालेली बोली जास्त बोलते. डाव वाटणारा पहिल्याच फेरीत पास म्हणाला, आणि पुढे त्याच्याकडून बदामचे एक्का-राजा आणि किलवरचा एक्का निघाले. एक्क्याचे चार, राजाचे तीन धरले तर अकरा गुण झाले. आता तुम्हाला चौकटचा राजा शोधायचा आहे. तो त्याच्याकडे असता तर चौदा गुण घेऊन तो पहिल्या फेरीत गप्प बसला नसता. राजा दुसरीकडे आहे. यात टक्केवारीचा संबंधच येत नाही, आणि तरी निम्मे लोक तिथे ५०-५० म्हणत फिनेस करतात.

टक्के किती पाठ करावे, असंही विचारलंत. फार नाही. बाहेर पाच पानं असतील तर तीन-दोन ६८, चार-एक २८. सहा असतील तर वर सांगितलेलं. चार असतील तर तीन-एक ५० च्या जवळ, दोन-दोन ४१. सम संख्येची पानं सहसा विषम वाटली जातात आणि विषम संख्येची होईल तितकी सारखी, एवढं ध्यानात राहिलं तरी गावच्या टेबलावर पुरे. एका रंगात तुमची आणि डमीची मिळून आठ पानं असतील तर राणीसाठी फिनेस, नऊ असतील तर एक्का-राजा वाजवा, हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. त्यातला आठाचा भाग भक्कम आहे: आठ पानांत एक्का-राजाने राणी पडते ती तीनात एकदाच. नवाचा भाग तितका भक्कम नाही. तिथे वाजवणं आणि फिनेस यांतला फरक अगदी थोडा आहे, वाजवून राणी पडते ती शंभरात ५३ वेळा. एका बाजूला लांब रंग आहे असं बोलीतून कळलं की नवाचा नियम खुशाल मोडा.

सराव कसा करायचा? तुमच्याकडे आठ गडी जमत असतील तर दोन टेबलं होतात आणि त्यात सामना लावता येतो. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं घ्या, एका डावासाठी चार, वर दिशा लिहा. पानं मध्ये फेकायची नाहीत, प्रत्येकाने आपलं पान आपल्यासमोर ठेवायचं, हात जिंकला तर उभं, हरला तर आडवं. डाव संपला की ज्याची तेरा पानं त्याच्या पाकिटात. तीच पाकिटं दुसऱ्या टेबलावर गेली की तोच डाव तिथे खेळला जातो. नशिबाची तक्रार बंद होते, कारण पानं तीच. उरतो तो फक्त चालीतला फरक, आणि डाव पाकिटात शाबूत असल्यामुळे वादही पुराव्यानिशी होतो. घरगुती रबरमध्ये राणी चुकली की लोक पानं पिसून टाकतात आणि शिकण्यासारखं सगळं त्या पिसण्यात जातं.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची. मी चाल चुकली म्हटलं ते रबरच्या हिशेबाने. संघांच्या सामन्यातही तेच. व्हल्नरेबल, म्हणजे पडल्याचा दंड वाढलेला, नसताना दहा हातांचे ४३०, अकराचे ४६०, एका हाताने पडलात तर उणे ५०. एक जास्तीचा हात ३० गुणांचा, सामन्यात एक इम्प, म्हणजे दोन टेबलांतल्या फरकावरून मिळणारा संघाचा गुण. डाव पडला, म्हणजे राणी डावीकडे निघाली, तर दुसऱ्या टेबलावर नश्शीच्या वाटेने अकरा हात होतात, फरक ५१० चा, म्हणजे अकरा इम्प. एकासाठी अकरा पणाला लावायचे नसतात.

जोडी स्पर्धेत मात्र हिशेब फिरतो. तिथे तुम्ही दुसऱ्यापेक्षा ३० गुणांनी पुढे आहात की ५०० गुणांनी, याला अर्थ नसतो. पुढे आहात का, एवढंच पाहतात. आता तुमचा डाव तिथे मांडा. बाकी सगळ्यांनी माझी वाट धरली असं समजू. राणी उजवीकडे असेल तर त्यांचे दहा हात, तुमचे अकरा, तुम्ही सगळ्यांच्या वर. राणी डावीकडे असेल तर त्यांचे अकरा, तुमचे आठ, तुम्ही सगळ्यांच्या खाली. आणि राणी उजवीकडे असते ती शंभरात ५६ वेळा. म्हणजे नागपूरला एखाद्या जोडी स्पर्धेत हीच पानं आली, बोली सगळीकडे सारखीच होणार अशी साधी असली, आणि इस्पिक असेच पाच-तीन वाचता आले, तर गुलाम डमीतून काढून उजवीकडच्यावर फिनेस करणं चूक नाही. मी तिथे तसंच खेळेन. बोली अवघड असेल आणि बऱ्याच टेबलांवर तीन नो ट्रम्प लागलंच नसेल असं वाटलं, तर मात्र तिथेही नश्शीचीच वाट धरायची, कारण मग नुसता डाव झाला तरी निम्म्याहून जास्त टेबलं मागे पडतात आणि अकराव्या हाताची गरज उरत नाही.